काळ्या-करड्या शेडिंगमध्ये पट्टे आणि ठिपके दिसतात, काय सुधारू?

काजळकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी इथे रत्नागिरीत एका टॅटू आर्टिस्टकडे शिकतेय. चित्रकलेच्या एलिमेंट्री, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या आहेत, पेन्सिलीचं शेडिंग हाताला बसलेलं आहे. टॅटूतल्या रेषाही आता बऱ्यापैकी सरळ येतात. ब्लॅक अँड ग्रेचं शेडिंग आलं की मात्र अडते. गडद काळ्यापासून कोऱ्या कातडीपर्यंत रंग विरत विरत जायला हवा, तो माझ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो.

सोबत प्रॅक्टिस स्किनवरच्या (सरावाच्या नकली कातडीवरच्या) गुलाबाचा फोटो दिला आहे. पाकळीच्या मुळाशी काळं ठीक आहे, मधल्या भागात पट्टे दिसतात आणि कडेला सुटे ठिपके. रोटरी पेन मशीन आहे, ३.५ मिमी स्ट्रोकचं, म्हणजे सुई तेवढी खाली-वर होते. कार्ट्रिज ९ चा कर्व्ड मॅग, म्हणजे शेडिंगसाठी नऊ सुयांचा कमानदार संच. काळी इंक आणि तिच्यात पाणी घालून केलेले तीन ग्रे वॉश. सर म्हणतात "हात बसेल हळूहळू". ते खरंच असेल, पण हात नेमका कुठे आणि कसा बसवायचा हे कोणी सांगेल का? अजून माणसाच्या कातडीवर शेडिंग केलेलं नाही आणि हे सुधारल्याशिवाय करणारही नाही.

शंकासुर (गुहागर)

माझाही हाच प्रश्न आहे, धागा वाचतोय. व्होल्टेज कमी करून पाहिलंत का? मी शेडिंगला ५ वर ठेवतो, रेषांना ८.

खाडीपलीकडे (कुडाळ)

फोटो मोठा करून पाहिला. काजळकाठ, काळं तुम्ही चांगलं भरलंय, म्हणजे सुई जाते ती खोली बरोबर आहे. घोळ मधल्या भागात आहे आणि तो व्होल्टेजच्या आकड्याने सुटायचा नाही. शंकासुर, तुमच्या मशीनवरचा ५ आणि त्यांच्या मशीनवरचा ५ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. मोटर वेगळी, स्ट्रोक वेगळा, कार्ट्रिजमधल्या पडद्याचा ताण वेगळा. पाहायचं एकच, सुईचा वेग आणि हाताचा वेग यांचा मेळ बसतोय का.

सुई सेकंदाला साधारण शंभर वेळा खाली-वर होते. तेवढ्यात हात भराभर पुढे गेला की दोन टोच्यांमधलं अंतर डोळ्याला दिसतं, तुमच्या पाकळीच्या कडेला जे ठिपके आलेत ते असे. हात रेंगाळला की त्याच जागी टोचे साचतात आणि गडद पट्टा उठतो. तुमच्या फोटोत दोन्ही आहे. याचा अर्थ एकाच फटक्यात तुमचा हात सुरुवातीला थांबतोय आणि शेवटी पळतोय.

आता हे करून पाहा. मशीन चालू करा, पण सुई कातडीपासून थोडी वर ठेवून हात आधी हवेतच हलवायला लागा. छोटा लांबट गोल, करंगळीच्या नखाएवढा. हात फिरता ठेवूनच सुई खाली येऊ द्या, टेकू द्या आणि हात फिरता असतानाच ती वर निघू द्या. टेकवून मग हलवायचं, किंवा थांबून मग उचलायचं, असं केलं की प्रत्येक फटक्याच्या दोन्ही टोकांना काळी गाठ राहते. तुमचे पट्टे म्हणजे अशाच गाठींची रांग आहे. हालचाल मनगटापेक्षा कोपरातून आली तर गोल एकसारखे पडतात. करंगळी खाली टेकलेली हवी, अधांतरी हाताने शेडिंग होत नाही.

दुसरं, एका फेरीत हवा तो करडेपणा मिळवायचा हट्ट सोडा. गुळगुळीतपणा थरांनी येतो. पहिला थर इतका फिकट टाका की काही झालंच नाही असं वाटावं. दुसरा थर दिशा बदलून. पहिला उभा गेला असेल तर दुसरा तिरपा. पहिल्या थरातल्या फटी दुसऱ्यात झाकल्या जातात. प्रॅक्टिस स्किनवर असे चार थर दिले तरी चालतात, माणसाच्या कातडीवर दोन, फार तर तीन. कातडी लाल होऊन चकाकायला लागली, फुगली, की तिथे त्या दिवशी परत सुई न्यायची नाही. तसल्या जागेवर कितीही घासलं तरी रंग बसत नाही, उलट खपली जाड येते आणि बरं झाल्यावर तिथेच फिकट चट्टा राहतो.

आणि हो, कर्व्ड मॅग घेतलात ते उत्तम. सपाट मॅगचे दोन्ही कोपरे कातडीत रुततात आणि रुळासारख्या दोन रेघा सोडतात, कर्व्ड मॅगच्या सुया मध्ये पुढे आणि कडेला मागे असल्याने त्या रेघा पडत नाहीत. तुमच्या सुयांची जाडी किती आहे? ०.३५ मिमी असेल तर एकदा ०.३० मिमीच्या बगपिन वापरून पाहा. छिद्र बारीक, छटांचा उतार जास्त मऊ. काळं भरायला वेळ लागतो एवढंच.

काजळकाठ

खाडीपलीकडे, मनापासून आभार! एवढं नेमकं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पाकिटावर १२०९ लिहिलंय, म्हणजे ०.३५ च. आज दुपारी हवेतून सुरुवात करून पाहिली आणि गाठी खरंच कमी झाल्या.

वॉश कसा बनवता? माझ्याकडे इंकच्या थेंबाला ठरलेलं प्रमाण नाही, रंग डोळ्यानेच जुळवते.

खाडीपलीकडे

डोळ्याने जुळवलं तर आजचा मधला वॉश उद्याच्या मधल्यासारखा नसतो, आणि मग हात चुकला की वॉश चुकला हे कळायला मार्ग राहत नाही. थेंब मोजा आणि वहीत लिहून ठेवा. माझं असं: गडद वॉशमध्ये निम्मी इंक निम्मं पाणी, मधल्यात चार थेंबांत एक इंकचा, फिकट वॉशमध्ये दहा थेंबांत एक. शिवाय एक कप शुद्ध काळी आणि एक कप नुसतं पाणी. प्रत्येक वॉशचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि वाळू द्या. ओला असताना सगळेच गडद दिसतात. वाळल्यावर शेजारी शेजारी ठेवून तीन पायऱ्या स्पष्ट वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

काळ्यातून फिकट वॉशमध्ये जाताना मॅगच्या सुयांमध्ये बरीच इंक अडकलेली असते. पाण्याच्या कपात मशीन चालू ठेवून धुवा, टिश्यूवर टिपा, टिश्यूवर करडा डाग येईनासा झाला की मगच फिकट कपात बुडवा. तुमच्या फोटोत डाव्या पाकळीवर एकच एक काळा ठिपका आहे ना, फिकट भागाच्या मधोमध? तो मॅगमधून सुटलेल्या काळ्या इंकचा आहे.

काही लोक तयार ग्रे वॉशचे संच घेतात. त्यात वाईट काही नाही, सारखेपणा मिळतो. शिकताना स्वतः मिसळलं तर पाणी वाढलं की रंग कसा वागतो हे कळतं, म्हणून मी शिकणाऱ्यांना मिसळायलाच सांगतो.

अबोली_रातराणी (चिपळूण)

टॅटूतलं मला येत नाही, पण मी नर्स आहे आणि वरचं वाचून एक प्रश्न पडला म्हणून लिहितेय. काजळकाठ, इंकमध्ये घालायला पाणी कुठलं वापरता?

काजळकाठ

ताई, स्टुडिओत फिल्टरचं पाणी असतं, कधी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. प्रॅक्टिस स्किनवर तेच वापरते.

अबोली_रातराणी

प्रॅक्टिस स्किनवर चालेल. माणसावर काम सुरू कराल तेव्हा दोन्ही नकोत, आणि सवय आत्तापासूनच बदललेली बरी.

डिस्टिल्ड पाण्यातले क्षार काढलेले असतात, पण त्याने ते निर्जंतुक होत नाही. कॅन एकदा उघडला की त्यात काय वाढतंय ते डोळ्याला दिसत नाही. फिल्टरच्या आणि आरओच्या पाण्याचंही तेच. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात एक जिवाणूंचा गट सहज राहतो, क्षयरोगाच्या जिवाणूचे दूरचे नातेवाईक म्हणा. प्यायलं तर सहसा काही होत नाही. सुईने कातडीखाली गेलं तर महिनोन्‌महिने न बरे होणारे लाल पुरळ आणि गाठी येतात आणि साध्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत.

हे अगदी तुमच्या विषयात घडलेलं आहे. २०११-१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढलेल्या १९ जणांना मायकोबॅक्टेरियम केलोनी या जिवाणूचा संसर्ग झाला. पुरळ उठलं ते टॅटूच्या करड्या भागात. शोध घेतल्यावर कळलं की कंपनीतूनच पातळ करून आलेल्या करड्या इंकमध्ये जिवाणू होता, न उघडलेल्या बाटलीतसुद्धा सापडला. संशय गेला तो इंक पातळ करायला वापरलेल्या डिस्टिल्ड पाण्यावर. म्हणजे आर्टिस्टने ग्लोव्ह्ज घातले होते, सुया नव्या होत्या, तरी झालं.

मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी लहान अँप्युलमध्ये मिळतं. फार महाग नाही. एका गिऱ्हाइकासाठी फोडायचं, उरलेलं टाकून द्यायचं. पुढच्याला नवीन. वॉश आधी बनवून बाटलीत भरून ठेवू नका, त्या त्या वेळी कपात मिसळा.

आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का? तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. सुई तुमच्या बोटालाही टोचू शकते. वापरलेली कार्ट्रिज सुई आरपार जाणार नाही अशा जाड डब्यात टाका, ओल्या कचऱ्यात नाही. तो कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात ग्लोव्ह्ज नसतात. डबा भरला की जवळच्या दवाखान्याशी बोलून त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्यायची सोय करा.

काजळकाठ

ताई, हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. लसीचं उद्याच विचारते. पाण्याचं आजच सरांशी बोलले, त्यांनी अँप्युल आणायला सांगितल्या.

जलरंगी (सावर्डे)

मी चित्रकला शिकवतो. टॅटूच्या सुईतलं कळत नाही, पण करड्या छटांबद्दल सांगण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणता पेन्सिलीचं शेडिंग बसलंय. पेन्सिलीत आपण फिकटापासून सुरू करून गडद करत जातो आणि चुकलं तर खोडरबर आहे. तुमचं माध्यम त्यापेक्षा जलरंगाच्या जवळचं आहे. रंगात पाणी, पांढरा रंग नाही, आणि उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. आपल्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र पाहिलं असेलच, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या फटीतून येणारा तो उजेड एवढा तेजाळ वाटतो तो भोवतीच्या काळोखामुळे. उजेड रंगवण्यापेक्षा काळोख कुठे संपवायचा हे त्यांनी ठरवलं.

म्हणून रोज पाव पानावर एकच काळा रंग आणि ब्रश घेऊन वॉश काढा. आणि संदर्भाचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून डोळे बारीक करून बघा. तीनच भाग दिसतील: काळोख, मधला, उजेड. ते तीन आधी आखून घ्या. गुलाबाच्या फोटोत मला दिसतंय की तुम्ही प्रत्येक पाकळीला सगळ्या छटा दिल्यात. त्यामुळे फूल गोल वाटण्याऐवजी सगळीकडे सारखंच राखाडी झालंय. उतार गुळगुळीत झाला तरी हे राहील.

खाडीपलीकडे

जलरंगी सर, हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, मला एवढं नीट मांडता आलं नसतं. यावरून आपल्याकडच्या कातडीबद्दल बोलायलाच हवं.

इंटरनेटवर जे व्हिडिओ बघून आपण शिकतो त्यातले बहुतेक गोऱ्या कातडीवरचे असतात. इंक बसते ती आतल्या थरात, वरून एक-दोन मिलिमीटर खाली. कातडीला रंग देणारं मेलॅनिन असतं तिच्या वरच्या थरात. म्हणजे आपण करडा रंग गव्हाळ-सावळ्या काचेखाली ठेवतो. त्या काचेतून काळा काळाच दिसतो, मधला करडा बरा दिसतो, आणि दहात एक थेंबवाला फिकट वॉश बरं झाल्यावर जवळजवळ नाहीसा होतो. किनारपट्टीवर उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या हातावर तर नक्कीच.

म्हणून सावळ्या कातडीवर मी फिकट वॉश फारसा वापरत नाही. काळं धीटपणे काळं, मधला वॉश, आणि उजेडाच्या जागी कातडी कोरी. तीसुद्धा भरपूर, सुरुवातीला वाटतं त्याच्यापेक्षा जास्त. फिकट वॉश लागतो तो फक्त मधल्याची कडा कोऱ्या कातडीत विरवायला. पांढऱ्या इंकचे हायलाइट मी सहसा देत नाही. ताजे असताना चमकतात, वर्षभरात पिवळट होतात किंवा दिसेनासे.

शंकासुर

पण मग इन्स्टाग्रामवर भारतीय आर्टिस्टचे सावळ्या हातावरचे एकदम तलम करडे टॅटू दिसतात ते?

खाडीपलीकडे

ते फोटो कधी काढलेत ते बघा. काम संपल्या संपल्या काढलेल्या फोटोत इंक वरच्या थरातही असते, कातडी ताणलेली असते, वर चकाकी असते, प्रकाश हवा तसा लावलेला असतो. दोन ते चार आठवड्यांत वरचा थर गळून जातो आणि त्याच्याबरोबर ती इंकही. खालची राहते. कुणाचं शेडिंग चांगलं हे ठरवायचं असेल तर त्याच्या गिऱ्हाइकाला दोन महिन्यांनी उघड्यावर, साध्या उजेडात बघायचं. मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना ताज्या कामाबद्दल शाबासकी देत नाही आणि रागावतही नाही. गिऱ्हाइकाला परत बोलवायला लावतो.

२०१८ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवून दिलं की टॅटूचा रंग कातडीतल्या ज्या पेशी गिळून बसतात त्या मरतात, रंग सुटतो, आणि नव्या पेशी तो पुन्हा गिळतात. म्हणजे टॅटू वर्षानुवर्षं आत हातोहात फिरत असतो. काठ थोडे मऊ होणारच. आज अगदी बारीक फरकाने केलेल्या दोन छटा पुढे एक होतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर मोठं ठेवायचं.

दर्यावर्दी (मालवण)

माका शेडिंगातला काय कळत नाय, पण गिऱ्हाईक म्हणान सांगतंय. माझ्या वडलांच्या दंडार जत्रेत नाव गोंदलेला आसा, आता लांबसून निळो डाग दिसता. माझ्या दंडार होडी आसा, शेडिंग केलेली. काढली तेव्हा लाटांत बारीक बारीक करड्यो छटा होत्यो, बघीत ऱ्हवाक वाटायचा. वरसभर दर्यार उन्हात जाळी ओढली. आता होडी दिसता, लाटो गेल्यो. खाडीपलीकडे सांगतत ता खरा आसा.

खाडीपलीकडे

दर्यावर्दी, हा खरा पुरावा. होडीखाली काळी सावली धरून लाट कातडीनेच सोडली असती तर अजून दिसली असती. कधी कुडाळात आलात तर बघतो, लाटांच्या पोटात काळं भरून त्या परत उठवता येतील.

यावरून आठवलं, काजळकाठ. तुमच्याकडेही दर्यावर जाणारी गिऱ्हाइकं येतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ही माणसं घरी असतात आणि टॅटूला सगळ्यात चांगला काळ तोच. जखम भरायला सलग दिवस मिळतात, ऊन नसतं, खारं पाणी लागत नाही. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर आलेल्याला मी नंतरची तारीख देतो. पर्यटकांचंही तसंच. सकाळी टॅटू आणि दुपारी तारकर्लीला समुद्रात, असं असेल तर मी करत नाही, पैसे कितीही देवोत.

अबोली_रातराणी

याला माझा पूर्ण पाठिंबा. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेली एक नोंद आहे. पायावर टॅटू काढल्यावर पाचच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेला तरुण दगावला. त्याला यकृताचा जुना आजार होता, त्यामुळे संसर्ग एवढा पसरला. प्रत्येकाला असं होत नाही, पण गिऱ्हाइकाला यकृताचा त्रास आहे का, मधुमेह आहे का, कातडीवर जखमेनंतर उंच गाठी येतात का, हे आधी विचारा. आपल्याकडे अशा गाठींचं, म्हणजे केलॉइडचं, प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असतं, खांदा आणि छातीवर विशेषतः.

शंकासुर

ब्लॅक अँड ग्रे मुळात आलं कुठून? मला वाटायचं रंगीत टॅटूंच्या नंतरची फॅशन आहे.

खाडीपलीकडे

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांत मेक्सिकन वंशाचे कैदी टॅटू काढायचे, तिथून. आत रंग मिळत नव्हते. टेपरेकॉर्डरची मोटर, गिटारच्या तारेची सुई, काजळी धरून केलेली इंक, आणि करडा हवा तर पाणी घालून पातळ. सुई एकच, म्हणून सगळं बारीक आणि सावकाश. १९७५ मध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये दुकान काढलं आणि ही पद्धत रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांपर्यंत आली. फ्रेडी निग्रेटे यांनी आधी बाल-सुधारगृहात हात बसवला होता, ते पुढे तिथेच कामाला लागले. आपल्याकडच्या गोंदणारणीही काजळीच वापरायच्या, पण त्यांचं काम ठिपक्या-रेषांचं, छटांचं नव्हे.

सांगायचं कारण हे की त्या माणसांकडे कर्व्ड मॅग नव्हता, बगपिन नव्हत्या. एकाच सुईने हलक्या हाताने थरावर थर देऊन त्यांनी चेहरे उभे केले. तेव्हा यंत्रसामग्री बदलण्याआधी हात हलका करा.

शंकासुर

एक शेवटचं. प्रॅक्टिस स्किनवर किती विश्वास ठेवायचा? ओळखीचा एक जण स्वतःच्या मांडीवर सराव करतो, म्हणतो खरं तिथेच कळतं.

खाडीपलीकडे

कळतं हे खरं, पण शिकवणारा शेजारी उभा नसताना आणि सगळी स्वच्छता पाळल्याशिवाय स्वतःच्या मांडीवरही नको. मांडी स्वतःची असली तरी संसर्ग तोच आणि खोल गेलेली सुई तीच.

प्रॅक्टिस स्किनवर हालचाल शिकता येते, वॉशची वही तयार होते, मॅगचा कोन कळतो. बाकी बरंच नाही. ती फुगत नाही, रक्त येत नाही, भरून येत नाही. त्यावर इंक पसरून डाग धरते, म्हणून सुरू करण्याआधी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि पुसताना दाबू नका, टिपा. आणि तिच्यावर उतार थोडा खरखरीत दिसणारच, तेवढ्यासाठी जीव टाकू नका.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ताण. खरी कातडी डाव्या हाताने ताणावी लागते. अंगठा आणि बोटं दोन बाजूंना, आणि मशीन धरलेल्या हाताच्या करंगळीने तिसरीकडे. सैल कातडीवर सुई टोचण्याऐवजी कातडीला ढकलत नेते आणि कितीही चांगला गोल फिरवला तरी ठिपके वेडेवाकडे पडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाइकाला एवढा घाम येतो की ग्लोव्ह घसरतो. डाव्या हाताच्या बोटांखाली कोरडा टिश्यू धरा, पकड राहते. घामाने स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवलेला आराखडाही पुसतो. तो उमटवायचं जेल पातळ लावा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं पूर्ण सुकू द्या आणि उजव्या हाताने काम करत असाल तर खालून, उजव्या बाजूने सुरू करा, म्हणजे पुसताना पुढचं चित्र जात नाही.

काजळकाठ

सर्वांचे किती आभार मानू कळत नाही. गेले काही दिवस गुलाब बाजूला ठेवून नुसत्या पट्ट्या करत होते, काळ्यापासून कोऱ्यापर्यंत. नवीन फोटो टाकलाय. डावीकडची पट्टी ०.३५ ची, उजवीकडची बगपिनची. जलरंगी सरांनी सांगितलेले वॉशही रोज काढते.

सर म्हणाले, आता पहिलं खरं काम कर, मी शेजारी बसतो. माझा चुलतभाऊ तयार आहे. त्याला छातीवर वडिलांचा चेहरा हवाय.

जलरंगी

पट्ट्या पाहिल्या. उजवी फारच छान उतरली आहे. डावीकडच्या पट्टीत तिसऱ्या भागात अजून एक कडा दिसते, तिथे दोन वॉश एकमेकांवर चढत नाहीत, नुसते शेजारी उभे आहेत.

खाडीपलीकडे

जलरंगी सरांशी सहमत. तिथे मधल्या वॉशची शेवटची फेरी फिकट वॉशच्या हद्दीत थोडी आत जाऊ द्या, मग कडा जाईल.

चेहरा आत्ता नको. छातीही नको. बरगडीवरची पातळ कातडी श्वासाबरोबर हलते, आणि चेहऱ्यात मिलिमीटरभर सावली सरकली तर माणूस दुसराच होतो. भावाला समजावून सांगा, त्याचे वडील आहेत, दीड-दोन वर्षांनी जास्त चांगले काढून देईन म्हणावं.

आत्ता दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा पोटरीवर, तळहातापेक्षा लहान, काहीतरी गोलाई असलेलं घ्या. शिंपला, आंब्याची कोय, सुपारीचं खांड. अशा आकारात सावली थोडी इकडेतिकडे झाली तरी शिंपला शिंपलाच राहतो. मनगटाची आतली बाजू, घोटा, काखेजवळचा भाग टाळा, तिथे सुई जरा खोल गेली तरी इंक खाली चरबीत पसरून निळी कडा उमटते. काळं काळं करा, निम्मा शिंपला कोरा ठेवा. एका बैठकीत संपेल एवढंच काढा, जिथे लाली आली तिथे थांबा. टच-अप दीड-दोन महिन्यांनी करता येतो.

भावाला आठ-नऊ आठवड्यांनी अंगणात, सावलीत उभा करा आणि फिल्टर न लावता फोटो काढून याच धाग्यावर टाका. त्यावर बोलू.

काजळकाठ

चालेल. शिंपलाच घेते, आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर हवे तेवढे मिळतात, समोर ठेवून काढेन. भावाला सांगितलं, थोडा हिरमुसला पण पोटरीवर तयार झाला. लसीचा पहिला डोस झाला आहे.